नदीपात्राची तारीख

जी माहिती कोणी कुलुपात ठेवलेली नाही, जी पाहावयास कोणाच्या परवान्याची गरज नाही आणि जी सहस्रावधी लोकांच्या नजरेखालून रोज निघून जाते, तिच्याच आधारे एखाद्या घटनेचे स्थळ आणि काळ निश्चित करावयाचा, हे काम मी एका मराठी दैनिकाच्या पडताळणी कक्षात बरीच वर्षे करीत आले आहे. व्यवसायातील मंडळी त्यास ‘ओसिंट’ म्हणतात. या कामाविषयी लोक प्रथम विचारतात ते साधनांबद्दल: कोणते संकेतस्थळ वापरता, छायाचित्राचे मूळ कसे शोधता, उपग्रहाची चित्रे कोठून मिळतात. प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरे ओघाने येतीलच; परंतु या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी ज्या एका प्रकरणाने घडविली, त्यात साधने हाताशी होती, ती सर्व बिनचूक चालली, तपास पुरा झाला, आणि तो पुरा झाल्यावरच खरी अडचण उभी राहिली. प्रकरण एका नदीतील वाळूउपशाचे होते. नदीचे, तालुक्याचे अथवा गावाचे नाव मी येथे घेणार नाही, आणि दृश्यातील वस्तूंची मांडणीही मी मुद्दाम थोडी बदलून सांगणार आहे; त्याचे कारण पुढे कळेल.

या कामात मी आले ती जुन्या कागदांच्या वाटेने. पुण्यात मोडी शिकून काही वर्षे मी पेशवेकालीन पत्रांची लिप्यंतरे करीत असे. ज्यांनी ते काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की अठराव्या शतकातील पत्रावर पुष्कळदा वर्ष नसते. ‘छ’ हे अक्षर, चंद्राचा दिवस आणि मुसलमानी महिन्याचे नाव एवढीच काळाची खूण असते, आणि साल कोणते ते मजकुरातील स्वारी, मुक्काम, कोणाचा मृत्यू, कोठला पूर अशा आनुषंगिक गोष्टींवरून ठरवावे लागते. तिथी आणि वार दोन्ही दिलेले असले तर जंत्री काढून ते परस्परांशी जुळतात की नाही हे पाहिल्यावाचून कागदावर विसंबावयाचे नाही, अशी शिस्त आम्हांस लावलेली होती. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे: अस्सल कागद छापावयाचा, तो कोणाच्या दफ्तरातून आला ते सांगावयाचे, आणि आपण काढलेला निष्कर्ष दुसऱ्या कोणासही त्याच कागदावरून तपासून पाहता यावा अशी व्यवस्था ठेवावयाची. पडताळणीच्या कामात मला नवे शिकावे लागले ते यंत्रांचे. रीत मी बरोबर घेऊनच आले होते.

तर मे महिन्याच्या अखेरीस एका परिचित कार्यकर्त्याने जेमतेम मिनिटभराची एक चित्रफीत आमच्याकडे धाडली. नदीच्या कोरड्या पात्रात पोकलेन वाळू उपसत आहे, पात्रातच मुरूम टाकून केलेल्या रस्त्यावर हायवा गाड्या रांगेने उभ्या आहेत, आणि पलीकडच्या काठावर पाण्याची उंच टाकी व एका देवळाचे शिखर दिसते आहे, असे ते दृश्य होते. त्या वाळूघाटाच्या लिलावाची मुदत आदल्या वर्षीच संपलेली होती. म्हणजे चित्रफीत चालू मे महिन्यातील असेल तर तो उपसा सरळ सरळ चोरीचा ठरत होता, आणि ती आदल्या उन्हाळ्यातील असेल तर यंत्र लावून अटींचा भंग केला एवढाच काय तो प्रश्न उरत होता. कार्यकर्त्याने महसूल खात्याच्या कचेरीत जाऊन अशी चित्रफीत असल्याचे तोंडी सांगितले होते, आणि ती न पाहताच ‘जुनी असेल, लिलाव चालू होता तेव्हाची’ असे उत्तर त्याला मिळाले होते. सारा वाद तारखेचा होता, आणि चित्रफितीवर तारीख नव्हती.

ती नव्हती याचे कारण साधे आहे. मोबाइलने घेतलेल्या मूळ फाइलमध्ये वेळ, यंत्राचा प्रकार आणि पुष्कळदा अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. परंतु तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र म्हणून पाठविली की ती आकसून नव्याने तयार होते आणि त्या नोंदी गळून पडतात. दस्तऐवज म्हणून जोडली असता त्या टिकतात, पण घाबरत घाबरत एखादी गोष्ट पुढे सरकविणाऱ्या माणसाला एवढा विचार सुचावा अशी अपेक्षा कोणी करू नये. आमच्यापर्यंत ती किती हातांतून आली होती हे कार्यकर्त्यासही नक्की सांगता येत नव्हते, आणि पहिला हात कोणाचा हे आम्ही त्याला विचारले नाही.

शोधास लागण्यापूर्वी आम्ही फाइल जशी आली तशी वेगळी ठेवतो आणि गणिताने तिचा ६४ अक्षरी ठसा काढून वहीत उतरवितो. ही शा-२५६ नावाची पद्धत. फाइलमधील एक बिंदू जरी बदलला तरी सगळा ठसा बदलतो, म्हणून पुढे कधी कोणी ‘तुम्ही यात फेरफार केला’ असे म्हटले तर त्यास उत्तर देता येते. संकेतस्थळावरील मजकुराचेही तसेच. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून पानांच्या प्रती साठवीत आली आहे आणि २००१ पासून तिचे वेबॅक मशीन सर्वांस खुले आहे. एखादे पान महत्त्वाचे वाटले की प्रथम त्याची प्रत तेथे जमा करावयाची आणि मग ते वाचावयाचे, कारण वाचून होईपर्यंत पान राहीलच याची शाश्वती नसते. त्या घाटाच्या लिलावाची जाहीर सूचना आम्ही अशीच जमा करून ठेवली.

त्यानंतर चित्रफितीची ठळक दृश्ये सुटी करून ती पूर्वी कोठे प्रसिद्ध झाली आहेत काय हे पाहिले. दृश्ये सुटी करण्यास इन्‌व्हिड नावाचे साधन सोयीचे पडते, आणि चित्रावरून चित्र शोधण्यास गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स ही तिन्ही आळीपाळीने वापरावी लागतात, कारण एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते. या पायरीचे महत्त्व मला ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात नीट कळले होते. इतर प्रांतांतील व इतर वर्षांतील पुराची दृश्ये त्या दिवसांत कृष्णाकाठची म्हणून फिरत होती, आणि पुराने वेढलेल्या माणसांचे नातेवाईक ती पाहून हवालदिल होत होते. एखाद्या दृश्याची जुनी प्रत सापडली की त्या एका दृश्यापुरती तरी घालमेल थांबत असे. वाळूच्या चित्रफितीची जुनी प्रत कोठेही सापडली नाही. पण न सापडणे हा नवेपणाचा पुरावा नव्हे, म्हणून त्याची नुसती नोंद करून आम्ही पुढे गेलो.

गाव कोणते हे सांगितलेले होते, तथापि सांगितलेले आहे म्हणून ते गृहीत धरावयाचे नसते. शहरात हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. २०२२ मध्ये गूगलची रस्त्यांवरील दृश्ये देशातील ज्या दहा शहरांत प्रथम सुरू झाली त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि नगर होते. नदीकाठच्या गावात तसे काही नसते. तेथे वरून पाहावे लागते. वरून पाहिलेली पाण्याची टाकी म्हणजे नुसते एक वर्तुळ, आणि विहीरही वर्तुळच. पण टाकीची सावली जमिनीवर लांब पडते आणि त्या सावलीत तिचे खांबही ओळखू येतात. नदीचे वळण, उच्चदाबाच्या वाहिनीचे मनोरे, देवळापासून टाकीचे अंतर आणि त्यांच्यामधील झाडांची ओळ अशी एकेक खूण आम्ही गूगल अर्थवरील चित्राशी ताडून पाहिली. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून २००४ पासून रचलेला नकाशा अशा वेळी फार उपयोगी पडतो, कारण ‘नदीपासून इतक्या अंतरात देऊळ आणि मनोरा दोन्ही असलेली ठिकाणे दाखव’ असा प्रश्न त्याला घालता येतो. गाव सांगितले होते तेच निघाले.

आता तारीख. अलीकडच्या काठावर विजेचा एक खांब होता आणि त्याची आखूड सावली वाळूवर स्पष्ट पडलेली होती. खांबाची उंची आणि सावलीची लांबी यांच्या प्रमाणावरून सूर्य किती वर होता हे निघते, आणि नकाशावरील ज्ञात रेषेशी सावलीचा कोन ताडला की सूर्य कोणत्या दिशेस होता हेही निघते. मग सनकॅल्कसारख्या संकेतस्थळावर ते स्थळ ठेवून कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी सूर्य नेमका तेथे असतो हे पाहावयाचे. सावली दक्षिणेकडे कललेली होती. कक्षातील एक तरुण सहकारी त्यामुळे फार गोंधळला, कारण आपल्याकडे भर दुपारची सावली उत्तरेस पडते असे त्याने शाळेत शिकलेले होते. ते वर्षातील बहुतेक दिवसांपुरते खरेच आहे. परंतु आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेस राहतो, म्हणून पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो मध्यान्ही आपल्या उत्तरेस असतो, आणि त्या अवधीत दुपारची सावली दक्षिणेस झुकते. म्हणजे एका खांबाच्या सावलीने वर्षातील साडेनऊ महिने एकदम बाद करून टाकले.

उरलेल्या अडीच महिन्यांत मात्र सूर्य फसवा असतो. २१ जूनपर्यंत तो उत्तरेस सरकतो आणि मग त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे मेच्या अखेरची सावली आणि जुलैच्या मध्याची सावली यांत काही भेद राहत नाही. गणिताने दोन उत्तरे निघतात आणि दोन्ही तितकीच बरोबर असतात. तेथे निवाडा नदीने दिला. जुलैच्या मध्यास त्या पात्रात गाड्या उभ्या राहणे शक्य नव्हते. जुन्या पत्रात ‘नदी उतरून गेलो’ असे वाक्य आढळले की ते पावसाळ्यातील असणार नाही असे आम्ही ताडीत असू, ती सवय अशा रीतीने कामास आली आणि महिना नक्की झाला.

वर्ष ठरविण्यास टाकीने आरंभ करून दिला. तिच्यावर जल जीवन मिशनचे नाव रंगविलेले होते, आणि ती योजना १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाली, म्हणून त्याआधीची वर्षे आपोआप गेली. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रे तारखेनुसार मागे मागे सरकवून पाहता येतात. त्यांत आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीतील चित्रावर टाकीच्या जागी केवळ खणलेला चौथरा दिसत होता. तीन महिन्यांत टाकी उभी राहून रंगून झाली असती काय? बहुधा नाही, पण ‘बहुधा’ या शब्दावर कोणाला चोर म्हणता येत नाही.

शेवटचा पुरावा युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांनी दिला. २०१५ पासून चाललेल्या या मालिकेतील दोन उपग्रह मिळून साधारणपणे दर पाच दिवसांनी प्रत्येक जागेवरून जातात आणि त्यांची चित्रे कोपर्निकसच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येतात. त्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असा चौकोन, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एका गुंठ्याच्या ठिपक्यात हायवा दिसत नाही, माणूस तर नाहीच नाही. परंतु पात्रात आडवा टाकलेला मुरमाचा रस्ता आणि वाळू काढून पडलेले खड्डे दिसतात, कारण कोरडी वाळू उजळ असते आणि खड्ड्यात झिरपलेले पाणी काळे उमटते. पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रे निरुपयोगी होतात आणि मग रडारच्या चित्रांकडे वळावे लागते. मे महिन्यात मात्र आकाश निरभ्र असते. आदल्या वर्षीच्या संपूर्ण उन्हाळ्यातील एकाही फेरीत त्या जागी रस्ता नव्हता. चालू वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यातील एका फेरीत नव्हता आणि पाच दिवसांनंतरच्या फेरीत होता. चित्रफितीतील रस्त्याचा बाक आणि उपग्रहचित्रातील रस्त्याचा बाक एकच होता.

तपास येथे संपला असे आम्हांस वाटले, आणि रिवाजाप्रमाणे मी निष्कर्ष कसा काढला त्याचे टिपण लिहावयास बसले. या टिपणाविषयी माझी मते ठाम आहेत. जुलै २०१४ मध्ये इलियट हिगिन्स यांनी बेलिंगकॅट ही संस्था सुरू केली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस मलेशियन एअरलाइन्सचे एम. एच. १७ हे विमान पूर्व युक्रेनवर पाडले जाऊन २९८ माणसे मेली. त्यानंतर ते विमान पाडणाऱ्या बुक क्षेपणास्त्राची गाडी कोणत्या रस्त्याने नेली हे त्या मंडळींनी लोकांनी सहज टिपलेल्या छायाचित्रांवरून एकेक खांब, एकेक दुकानाची पाटी ताडून दाखविले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्समधील न्यायालयाने तिघांना दोषी ठरविले ते अर्थातच कितीतरी व्यापक सरकारी तपासाच्या बळावर. पण मला बेलिंगकॅटच्या लोकांच्या कामातील जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटली ती ही की त्यांनी ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे म्हटले नाही, तर ज्या वाटेने ते गेले ती पायरीपायरीने मांडली, आणि ज्याला शंका असेल त्याने घरी बसून तीच वाट चालून पाहावी अशी मोकळीक दिली. राजवाड्यांनी अस्सल पत्रे छापली यामागेही हेच तत्त्व होते. ज्या निष्कर्षाची वाट परक्या माणसाला चालून पाहता येत नाही, त्याला मी पुरावा मानीत नाही.

टिपणात शेवटची नोंद चित्रीकरण कोठून झाले याची असते. चित्रात खांब ज्या ठिकाणी देवळाच्या शिखरावर बरोबर येतो ती एक सरळ रेषा, आणि मनोरा ज्या ठिकाणी टाकीच्या कडेस टेकतो ती दुसरी. या दोन रेषा नकाशावर मागे वाढविल्या की जेथे छेदतात तेथे कॅमेरा होता. मी रेषा काढल्या. त्या एका घरावर छेदत होत्या. खालच्या गाड्यांचे टप वरून दिसत होते, म्हणजे चित्रीकरण वरच्या मजल्यावरून झालेले होते, आणि त्या बाजूस वरचा मजला असलेले घर तेवढे एकच होते. मग चित्रफितीच्या डाव्या कडेला जी अंधुक काळी पट्टी इतके दिवस आम्ही दुर्लक्षित केली होती, ती खिडकीचा गज आहे हे ओळखू आले.

ज्या वाटेने मी त्या खिडकीपर्यंत पोचले त्याच वाटेने, माझेच टिपण हातात घेऊन, वाळूवालेही पोचू शकत होते. आणि ते गावचे असल्याने त्यांना उपग्रहाचीही गरज नव्हती. वाळूच्या धंद्यात तलाठ्यांच्या अंगावर गाड्या घातल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचीत आलो आहोत. सरकारी शिक्का हाती असलेल्या माणसाची जेथे ही गत, तेथे खिडकीआड उभ्या राहिलेल्या माणसाचे काय होईल याचा अंदाज करावयास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

‘मॅडम, गज पुसून टाकू या ना,’ तरुण सहकारी म्हणाला. मी त्याला गज पुसलेली प्रत दिली आणि चित्रीकरणाची जागा शोधावयास सांगितले. थोड्याच वेळाने तो उतरलेल्या चेहऱ्याने परत आला. त्याला तेच घर सापडले होते. कारण जागा गजात नव्हती. जवळची वस्तू दूरच्या वस्तूवर कोठे येते, या एका नात्यात ती होती, आणि ते नाते चित्राच्या प्रत्येक कोपऱ्यात भरून राहिलेले असते. ते पुसावयाचे तर काठ, शिखर, टाकी, मनोरा सगळेच पुसावे लागेल, आणि मग उरलेल्या यंत्राच्या व वाळूच्या चित्राला कोठलेही आणि कधीचेही म्हणता येईल.

त्या वेळी मला कॅमेरूनमधील एका तपासाची आठवण झाली. जुलै २०१८ मध्ये सैनिक दोन स्त्रिया आणि दोन मुलांना चालवीत नेऊन गोळ्या घालतात असे भीषण दृश्य प्रसृत झाले, आणि तेथील शासनाने ते प्रथम खोटे म्हणून झिडकारले. बीबीसीच्या आफ्रिका आय या पथकाने दूरच्या डोंगराच्या कडेवरून ते स्थळ देशाच्या अतिउत्तर भागातील झेलेवेतजवळचे असल्याचे ओळखले, बांधकामांच्या असण्या-नसण्यावरून काळाची सीमा नोव्हेंबर २०१४ ते फेब्रुवारी २०१६ अशी बांधली, आणि सैनिकांच्या सावल्यांवरून ती २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ इतकी आवळत आणली. सप्टेंबर २०२० मध्ये तेथील लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा दिली. आमच्या कक्षात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हा तपास आदर्श म्हणून दाखवीत असे आणि अजूनही दाखविते. परंतु तेथे कॅमेरा मारेकऱ्यांबरोबर चालत होता. तो कोठे होता हे सांगितल्याने कोणा निरपराध माणसाचे घर उघडे पडत नव्हते. आमच्याकडे कॅमेरा साक्षीदाराच्या हातात होता. रीत तीच, सावली तीच, रेषा त्याच. पण त्या रेषांच्या टोकाला कोण उभा आहे यावरून ती रीत न्यायाची होते किंवा घाताची होते, हे मला तोपर्यंत इतक्या स्पष्टपणे दिसले नव्हते.

संपादकांचे म्हणणे वेगळे होते, आणि ते मी येथे पुरतेपणी मांडले पाहिजे, कारण त्यात वजन होते. ‘चित्रफीत नसेल तर बातमीत राहिले काय?’ त्यांनी विचारले. ‘पाच-सहा ठिपके दाखवून वाचकाला चोरी झाली असे सांगणार तुम्ही? उद्या ते लोक म्हणतील की वर्तमानपत्राने कचेरीत बसून गोष्ट रचली. आणि चित्रफीत छापून तिचा ताळा नाही दिला, तर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविली म्हणतील.’ त्यांचा शेवटचा मुद्दा बरोबर होता. आज कोणतेही दृश्य यंत्राकडून तयार करून घेता येते, आणि ते ओळखणाऱ्या यंत्रांवर माझा विश्वास नाही; दृश्य खरे असल्याचे मी मानते ते त्यातील टाकी, शिखर आणि मनोरा प्रत्यक्ष भूमीवर त्याच नात्याने उभे असल्याचे दाखविता आले तरच. म्हणजे चित्रफीत प्रसिद्ध करावयाची तर तिचा ताळाही प्रसिद्ध करावा लागणार, आणि ताळा म्हणजे खिडकीचा पत्ता. मी त्यांना दोन रेषा काढलेला नकाशा दाखविला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘ठीक आहे. ठिपक्यांवर काय उभे राहते ते पाहा.’

त्या घराचा मालक कोण हे आम्हांस कळू शकले असते. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर काढावयाचा, त्यावरून सातबारा पाहावयाचा, मतदारयादी ताडावयाची. या सगळ्या उघड्या नोंदी आहेत आणि दुसऱ्या प्रकरणांत, जमिनीच्या व्यवहारांचा माग काढताना, मी त्या निःसंकोच वापरल्या आहेत. येथे आम्ही ते पाऊल टाकले नाही, आणि गावात कोणाला पाठवून चौकशीही केली नाही, कारण परक्या माणसाने एका घराविषयी विचारणे एवढीच गोष्ट त्या घराकडे बोट दाखविण्यास पुरेशी होती. चोरीला गेलेल्या माहितीचे साठे, ज्यांत लाखो लोकांचे फोन नंबर व पत्ते असतात, आजकाल टेलिग्रामवर फुकट किंवा चार पैशांत मिळतात आणि काही तपास करणारे ते ‘उघडेच आहेत’ म्हणून वापरतात. ते मला सर्वथा अमान्य आहे. कुलूप दुसऱ्याने फोडले म्हणून आतल्या वस्तू सार्वजनिक होत नाहीत. खोटे नाव धारण करून एखाद्याच्या खाजगी गटात शिरणे हेही माझ्या लेखी या कामात बसत नाही. जे दार ठोठावून, मी कोण हे सांगून उघडून घेता येत नाही, ते बंदच आहे असे मी धरते. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कले येथील मानवाधिकार केंद्र यांनी २०२० मध्ये अशा तपासांसाठी बर्कले प्रोटोकॉल म्हणून नियमावली काढली, तीत पुराव्याच्या जपणुकीबरोबर माणसांच्या सुरक्षिततेचाही विचार आहे. ती वाचून मला धीर आला. तरी आमचा निर्णय नियमावलीने केला नाही, त्या नकाशावरील दोन रेषांनी केला.

मग आम्ही बातमी उलट बाजूने बांधली. चित्रफितीचा उल्लेखही न करता, जणू ती कधी आलीच नव्हती अशा रीतीने, फक्त उपग्रहाच्या फेऱ्या तारखांसह मांडल्या: या दिवशी पात्र सलग आहे, या दिवशी त्यात रस्ता आहे, या दिवशी खड्डे आहेत, आणि लिलावाची मुदत संपल्याची जाहीर सूचना ही. प्रत्येक चित्र वाचकाने स्वतः कसे उघडावे हे चौकटीत दिले. चित्रफितीने आम्हांला कोठे पाहावयाचे ते सांगितले होते. काय दिसते हे मात्र आम्ही तिच्यावाचून सिद्ध केले, आणि परक्या माणसाला चालून पाहता येईल अशी वाट, जिच्याविषयी मी इतकी आग्रही असते, ती अशा रीतीने अखंड राहिली. ती नदीपात्रातच संपत होती, काठावर चढत नव्हती.

बातमीचा गाजावाजा झाला नाही. ठिपक्यांची चित्रे पाहून लोक हळहळत नाहीत हे संपादकांचे भाकीत खरे ठरले. पण काही दिवसांनी महसूल खात्याने जागेवर जाऊन पंचनामा केला, खड्डे मोजून किती ब्रास वाळू गेली याचा हिशेब मांडला आणि अज्ञात इसमांविरुद्ध तक्रार नोंदविली. त्यानंतर कचेरीतून आम्हांस विचारणा आली की आपणापाशी मूळ चित्रफीत असल्याचे समजते, तरी ती पाठविणाऱ्याच्या नावासह सादर करावी. आम्ही उत्तरी कळविले की प्रसिद्ध झालेल्या मजकुराचा आधार असलेली सर्व चित्रे सार्वजनिक आहेत, त्यांच्या तारखा व अक्षांश-रेखांश सोबत जोडले आहेत, आणि याखेरीज आम्हांस काही सादर करावयाचे नाही. पुन्हा पत्र आले नाही.

तेव्हापासून कक्षात प्रत्येक प्रकरणाची दोन टिपणे होतात: एकात सगळी वाट, आणि दुसऱ्यात तिच्यापैकी जेवढी परक्याच्या हाती द्यावयाची तेवढीच. टिपण लिहिण्यापूर्वी, स्थळ निघाल्याबरोबर, कॅमेऱ्याची जागा काढावयाची आणि तेथे कोण उभे असेल याचा विचार करावयाचा, असा क्रम मी बदलून घेतला आहे. पूर्वी ती नोंद शेवटी येत असे. तरुण सहकारी आता हे माझ्याआधी करतो.

त्या वर्षीच्या पावसात मुरमाचा रस्ता वाहून गेला आणि खड्डे गाळाने भरले. हिवाळ्यातील चित्रांत पात्र पुन्हा सलग दिसू लागले होते. पुढच्या मे महिन्यात त्या नदीवरच्या फेऱ्या पाहताना दोन वळणे खाली, जेथे दोन्ही काठांना घर म्हणून नाही, तेथे पात्रात एक नवी आडवी रेघ उमटलेली मला आढळली. यावेळी कोणाची चित्रफीत येणार नव्हती आणि कोणाला तिची गरजही नव्हती. आम्ही आदल्या फेरीचे चित्र काढले, तारखा लिहिल्या, घाटांच्या लिलावाची त्या वर्षीची यादी मागविली आणि नवे प्रकरण उघडले.